हीटरचं कोटेशन

खानदेशात मोटारीला हीटर कशासाठी देतात, हे कोडं मला आजवर कुणी उलगडून दाखवलेलं नाही. चैत्र लागला की जळगावचे रस्ते सकाळी अकरालाच ओस पडू लागतात. पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि मग 'आज जरा बरं आहे' या वाक्याचा अर्थ आमच्याकडे 'आज बेचाळीस आहे' असा होतो. उन्हात तासभर उभ्या केलेल्या मोटारीचं दार उघडलं की आतून अशी झळ येते, की सीटवर पापड पसरले तर भाजूनच निघावेत. बसणारा माणूस आधी टेकतो, मग ताडकन उठतो, मग देवाचं नाव घेऊन पुन्हा टेकतो. अशा मुलखात विकल्या जाणाऱ्या मोटारीत कारखानदार एक गोल बटण बसवून देतो. त्याच्या एका अंगाला निळी रेघ, दुसऱ्या अंगाला तांबडी. यातल्या तांबड्या बाजूला ते बटण पिंप्राळ्यात कुणी हौसेनं नेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कारखानदाराचं गणित मात्र सरळ आहे. सिमल्याची मोटार वेगळी आणि पिंप्राळ्याची वेगळी, असे दोन साचे काढणं त्याला परवडत नाही. तेव्हा सिमल्याच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात आमच्या वाटणीचा एसी पडतो आणि आमच्या गळ्यात त्याच्या वाटणीचा हीटर. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

आता आमच्याकडे थंडी पडतच नाही असं नाही. पौषात एखादा आठवडा असा येतो की पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो, केळीच्या बागा गारठतात आणि शेतकरी रात्री बांधावर धूर करून बसतात. पण त्या आठवड्यासाठी आमच्याकडे मफलर असतो. मोटारीचा हीटर लावून ऊब घ्यायची, ही कल्पना आम्हाला पंक्तीत बसून काट्या-चमच्यानं भरीत खाण्याइतकी परकी वाटते.

हीटर म्हणजे मोटारीत वेगळी शेगडी असते, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला पाणी सारखं फिरत असतं. हल्ली त्यात रंगीत कूलंट मिसळतात. तेच तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या पोटात नेतात, तिथल्या एका वीतभर जाळीतून फिरवतात आणि त्या जाळीवरून पंख्याची हवा सोडतात. बंबाच्या उरलेल्या निखाऱ्यांवर भरताचं वांगं भाजून घेणाऱ्या बाईला हे तत्त्व समजावून सांगायला नको. फुकटची ऊब! यात गोम एवढीच की पुष्कळ गाड्यांत हीटर लावा अगर न लावा, ते गरम पाणी त्या जाळीतून फिरतच राहतं. म्हणजे जी वस्तू आपण बारा वर्षांत एकदाही वापरली नाही, ती बिघडू मात्र शकते. माझ्या ओळखीच्या काही कार्यकारिणी सदस्यांचंही असंच आहे.

तर आमच्या छोट्या मोटारीची ही जाळी बाराव्या वर्षी, ऐन मार्चात गळायला लागली. सौ.च्या पायाखालची चटई ओली. काचेवर आतून चिकट धुकं. आणि गाडीभर एक गोडसर वास, काकवी सांडल्यासारखा. हीटर गेला याचं दुःख कुणालाच नव्हतं. पण जाळी गळते म्हणजे इंजिनाचं पाणी गळतं, आणि एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडलेलं इंजिन घेऊन निघणं म्हणजे रिकामं पातेलं चुलीवर ठेवून देवळात जाणं. इंजिनाचं वरचं झाकण एकदा वाकडं झालं, की मग जो खर्च येतो त्यापुढे हीटरचा खर्च म्हणजे सत्यनारायणाची दक्षिणा. तेव्हा दुरुस्ती करणं भाग होतं आणि दुरुस्तीसाठी कोटेशन घेणं भाग होतं.

इथं मी थोडा सुखावलो, हे सांगायला हरकत नाही. कारण एकतीस वर्षं एका कचेरीत मी जे काम केलं ते हेच. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यांत कमी दराखाली तांबड्या शाईनं रेघ ओढायची आणि साहेबांपुढे ठेवायचा. या तीन दरपत्रकांपैकी पुष्कळदा तिन्ही एकाच टंकलेखन यंत्रावर टाइप झालेली असत, तिन्हींत 'र' अर्धाच उमटलेला असे, आणि तरीही तक्ता नियमात बसे. नियमाला माणसावर विश्वास नसतो, म्हणून तो तिघांना विचारायला लावतो. आणि ते तिघे आदल्या संध्याकाळी एकत्र चहा पितात. पण ते असो.

पहिलं कोटेशन एका मोठ्या वर्कशॉपचं. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेला तरुण. त्यानं संगणकातून कागद काढून दिला. चौदा हजार आठशे साठ, करासहित. नुसती जाळी बदलायची नाही, पंख्यासकट सगळा संचच नवा बसवायचा, असं त्यांचं धोरण. दुसरं कोटेशन आमच्या व्याह्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचं. कागद नाही, काही नाही. "द्या सहा हजार. तुमच्याकडून काय जास्ती घ्यायचे? तुम्ही काय परके?" हा 'परके' शब्द कानावर पडला की मी खिसा चाचपतो. आयुष्यात मला जे काही महागात पडलं, ते बहुतेक आपल्या माणसांकडूनच.

तिसरं कोटेशन पिंप्राळ्यातल्याच एका मिस्तरीचं. निंबाचं झाड हेच त्याचं छप्पर. त्यानं स्पेअर पार्टच्या खोक्याचं झाकण फाडून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: जाळी २,६००, मजुरी ३,५००, कूलंट ७००, क्लिपा-पाइप २००. एकूण ७,०००.

तीन कोटेशनं हातात घेऊन मी ओसरीवर बसलो आणि लक्षात आलं, की मला यातलं ओ की ठो कळत नाही. कचेरीत निदान टेबल म्हणजे टेबल होतं. त्याचे चार पाय मोजता येत. इथं तीन माणसं एकाच रोगावर तीन औषधं सांगत होती, आणि कुठलं औषध खरं ते मला औषध घेतल्यावरही कळणार नव्हतं! डॅशबोर्ड उघडून त्यांनी आत काय केलं, नवी जाळी घातली की जुनीलाच टाका मारला, हे पाहायला मी काही तिथं मुंडकं घालणार नव्हतो.

माणसाला ज्यातलं कळत नाही, त्याची वाजवी किंमत त्यानं ठरवायची कशी? प्रश्न लहान दिसतो, पण आपलं अर्धं आयुष्य याच प्रश्नावर उभं आहे. डॉक्टर, वकील, गवंडी, घड्याळजी, ज्योतिषी, मुलांचे क्लासवाले, सगळीकडे हेच. सांगणाराही तोच, करणाराही तोच आणि बिल लावणाराही तोच. परीक्षा घेणाऱ्यानंच पेपर लिहावा आणि त्यानंच तो तपासावा, असा हा मामला.

यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत घेण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे वस्तू घेतल्याबद्दल अभिनंदन करण्याची पद्धत नाही. "केवढ्याला?" असं विचारायचं, आपण आकडा सांगितला की क्षणभर डोळे मिटायचे, आणि मग "फसवलं तुम्हाला" असं म्हणायचं. मी एकदा प्रयोग म्हणून तीन हजारांचं घड्याळ पाचशेला घेतलं असं सांगून पाहिलं. तरी "फसवलं" असंच उत्तर आलं. फक्त त्यापुढे "चोरीचं असेल" एवढं जास्तीचं मिळालं.

खरं तर या बाबतीत जळगावकरांनी काळजी करू नये. आमचं गाव सोन्याचं. लांबलांबची माणसं लग्नाचं सोनं घ्यायला जळगावच्या सराफ बाजारात येतात, ती काही तिथं सोनं स्वस्त मिळतं म्हणून येत नाहीत. सोन्याचा भाव सगळीकडे साधारण सारखाच. ती येतात ती खात्रीसाठी. आणि सोन्याला तरी कसोटीचा काळा दगड आहे. त्यावर रेघ ओढली, तेजाब लावलं, की खरं-खोटं कळतं. त्यातूनही सरकारनं १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा केला. बावीस कॅरट असेल तर ९१६ असा आकडाच कोरलेला. पण मिस्तरीला कुठल्या दगडावर घासायचं? आणि घासला तरी त्यावर ग्रीसचीच रेघ उमटणार.

आमच्या पिंप्राळ्यातच याच्या उलट एक दृश्य दिसतं. आषाढी एकादशीला इथं विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा थोरला रथ गल्लीच्या वळणावर आला की तो वळवायचं आणि थांबवायचं काम मोगरीवाले करतात. चाकाखाली लाकडाची मोगरी नेमकी घालायची, नेमक्या क्षणी काढायची. सगळा गाव दोन्ही बाजूंनी पाहत असतो. मोगरी चुकली तर तिथल्या तिथं दहा हजार माणसांना कळणार. अशा कामात कसबाची किंमत कुणी विचारत नाही, कारण कसब डोळ्यांपुढे असतं. मिस्तरीचं काम डॅशबोर्डच्या पोटात. जिथं गावाची नजर पोचत नाही तिथं विश्वास ठेवावा लागतो आणि विश्वास ठेवायचा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो.

हा गोळा आजचा नाही. कौटिल्यानं आपल्या अर्थशास्त्रात एक आख्खं अधिकरण समाजातले काटे कसे काढावेत यावर लिहिलं, आणि त्यातला पहिला काटा कोण? कारागीर! व्यापारी, कारागीर, नट, भिक्षेकरी हे सारे नाव नसलेले चोरच, तेव्हा त्यांच्यापासून देशाला जपावं, असं त्याचं म्हणणं. धोब्यानं गिऱ्हाइकाचे कपडे अंगावर घातले तर तीन पण दंड. व्यापाऱ्याला देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा. सगळं बांधून टाकलेलं. अशा कडक बंदोबस्तातसुद्धा धोबी गिऱ्हाइकाचे कपडे घालत असणार, नाहीतर दंड लिहून ठेवायचं कारण काय? आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. या यादीत कारागीर आहे, नट आहे. प्रधान मात्र नाही. यादी ज्याच्या हातात, तो यादीत नसतो.

अमेरिकेत जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. आत खोट असलेल्या मोटारीला तिकडे 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे लिंबू मोटारीला पुढं लटकवतात; तिकडे मोटारच लिंबू! त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विकणाऱ्याला खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचा भाव देतो. मग चांगली गाडी असलेला माणूस म्हणतो, 'या भावात मी कशाला विकू?' आणि तो बाजारातून उठून जातो. राहतात ती लिंबं. हा निबंध आधी तीन मासिकांनी साभार परत केला होता आणि पुढे २००१ मध्ये त्याच माणसाला नोबेल मिळालं. (साभार परत आलेल्या सर्व लेखकांनी हे वाक्य कापून पाकिटात ठेवावं.) मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की संशय हा फुकट नसतो. आपण सरसकट सगळ्यांवर संशय घेतला, की त्याचा दंड लबाडाला होत नाही, सरळ माणसाला होतो. लबाडानं संशयाची रक्कम आधीच बिलात धरलेली असते.

आणि आपला संशय तरी समदर्शी असतो का? मोठ्या वर्कशॉपच्या छापील कागदावर मी 'चौदा हजार आठशे साठच का?' असं विचारलं नाही. काचेचं दार आणि गारवा पाहून माझा आवाज आपोआप खाली आला. इस्पितळात डॉक्टरांनी पाच तपासण्या लिहून दिल्या तर "तीन करा की, साहेब" असं आपण म्हणत नाही. पण निंबाखालच्या मिस्तरीनं सात हजार म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून "काहीतरी बघा" निघालं. हे 'काहीतरी बघा' आपण नेहमी अशाच माणसाला म्हणतो, ज्याची नखं काळी असतात. भाजीवाली, हमाल, रिक्षावाला, मिस्तरी. जिथं रक्कम मोठी तिथं आपण सभ्य, आणि जिथं रक्कम लहान तिथं आपण सावध.

मिस्तरी काही बोलला नाही. पान्हा पुसत राहिला. मग मी घासाघीस सोडून दुसरंच विचारलं. हे काम किती तासांचं? जुनी जाळी मला परत देणार का? आणि शेवटी, कचेरीत प्रत्येक प्रस्तावाखाली आम्ही जो प्रश्न लिहीत असू तो: 'न केल्यास काय होईल?'

मिस्तरीनं पान्हा खाली ठेवला. म्हणाला, "जाळी परत देईन. दिवस जाईल, समदा डॅशबोर्ड खोलावा लागतो, भाऊ. मजुरी त्याचीच हाय. आन् न केलं तर? हीटर लागतो का तुम्हाला?"

"नाही लागत."

"मग ह्या दोन नळ्या हीटरमधी जातात ना, त्या तिथं जायच्या आधीच एकमेकींला जोडून टाकू. पाणी बाहेरच्या बाहेर फिरंल. गळती बंद. साडेतीनशे."

सात हजार आणि साडेतीनशे! मी थक्क होऊन विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही हीटरचं कोटेशन मांगितलं, मी हीटरचं दिलं," तो शांतपणे म्हणाला. "गाडीचं मांगितलं असतं तर गाडीचं दिलं असतं."

हे वाक्य ऐकून मी निंबाच्या सावलीत बराच वेळ उभा राहिलो. तोवर त्यानं सांगून टाकलं, की हीटर बंद केला तर एक गोष्ट हातची जाते. घाटात इंजिन तापलं आणि काही सुचेनासं झालं, तर काचा खाली करून हीटर पुरा सोडायचा. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर निघते. कन्नडच्या घाटात त्यानं अशी एक गाडी वर नेली होती म्हणे, मे महिन्यात, आतल्या पाचही माणसांना शिजवत. नळ्या जोडल्यावर तो उपाय राहणार नाही. रेडिएटरात हळद टाकून गळती थांबवणारेही असतात, हेही त्यानं सांगितलं. "थांबते. पण मंग दुसरीकडे चोक होतं. हळद वरणात टाकावं." सहा हजारवाला बहुधा जुन्या जाळीलाच टाका मारणार आणि तो एक उन्हाळाही टिकायचा नाही, असं त्याचं मत पडलं. पण हे तो मी विचारल्यावरच बोलला.

मी नळ्या जोडून घेतल्या. वीस मिनिटांचं काम. ते झाल्यावर मात्र त्यानं जे केलं, ते कुठल्याच कोटेशनात नव्हतं. पत्र्याचा एक तुकडा कापला, त्यावर खिळ्यानं 'हीटर बंद' आणि तारीख कोरली आणि तो तारेनं त्या जोडाला बांधून ठेवला. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "उद्या दुसऱ्या मिस्तरीनं बोनेट खोललं तर त्यानं डोकं खाजवू नये."

म्हणजे पाहा. जो मिस्तरी अजून आलेला नाही, ज्यानं काही विचारलेलं नाही, जो कोण हेही ठाऊक नाही, त्याला हा माणूस आपण होऊन सांगून ठेवतो. आणि समोर उभ्या असलेल्या मला मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही. याला लबाड म्हणावं की साधू? मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, तो दोन्ही नाही. बिरादरीतल्या माणसाला न विचारता सांगायचं आणि बाहेरच्याला विचारल्यावर सांगायचं, एवढाच त्याचा कायदा. आपण सगळे हाच कायदा पाळतो. घरच्या पोराला आपण 'त्या दुकानात जाऊ नको' म्हणतो. अनोळखी माणूस त्याच दुकानाची पायरी चढताना दिसला तर आपण रस्त्यापलीकडे पाहतो. प्रामाणिकपणा सगळ्यांपाशी असतो. प्रत्येकाची बिरादरी केवढी, इथं फरक पडतो.

मिस्तरीबद्दल असा निवाडा देऊन मी समाधानानं बसलो होतो, तेवढ्यात माझीच पाळी आली. दिवाळीनंतर आम्ही ती मोटार विकायला काढली.

रोमन पंडित सिसेरोनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एक कोडं मांडून ठेवलं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. धान्याला सोन्याचा भाव. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी जहाजभर धान्य घेऊन तिथं पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत, हे त्यानं वाटेत पाहिलेलं आहे, बेटावरच्यांना ते ठाऊक नाही. त्यानं हे सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? त्यावर दोन तत्त्वज्ञांचा वाद. एक म्हणतो, न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कायद्यानं जे सांगायला हवं तेवढं सांगितलं की झालं. दुसरा म्हणतो, तुझ्या फायद्यासाठी तू दुसऱ्याला अंधारात ठेवलंस, तिथंच चूक झाली. सिसेरो या दुसऱ्याच्या बाजूचा. वाचायला फार छान वाटतं. धान्य दुसऱ्याचं असलं की आपण सगळेच सिसेरो.

गाडी पाहायला धुळ्याकडचा एक तरुण आला, सोबत एक मित्र. त्यानं टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, एसी लावून पाहिला. बोनेट उघडलं, पण तो पत्रा बारीक आणि धुळीनं माखलेला. त्यावर त्याची नजर गेली नाही. हीटरचं त्यानं विचारलं नाही. धुळ्या-जळगावात कोण विचारणार? 'गाडीत काही काम आहे का?' असं विचारलं असतं तर उत्तर देणं सोपं होतं. त्यानं तेही विचारलं नाही. एक लाख दहा हजारांना सौदा ठरला. मिस्तरीचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. यानं गाडीचं विचारलं, मी गाडीचं सांगितलं. हीटरचं विचारलं असतं तर हीटरचं सांगितलं असतं. वाक्य जसंच्या तसं मला बसत होतं. शिंप्यानं मापाला शिवल्यासारखं.

पण तो पोरगा सीटवर बसला, आरसा सरळ केला आणि मित्राला म्हणाला, "पुढच्या महिन्यात आईला बद्रीनाथला घेऊन जाईन यातनं." नोव्हेंबरात बद्रीनाथाचं मंदिर हिवाळ्यासाठी बंद होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे जाणं उन्हाळ्यावरच पडणार होतं. पण त्या डोंगरात थंडी काही कॅलेंडर पाहून येत नाही. आणि काचेवर धुकं धरलं की हीटरच्या कोरड्या हवेशिवाय ते चटकन हटत नाही. पुढं दरी, शेजारी आई. आता याला माझ्या बिरादरीतला धरायचा की बाहेरचा, एवढंच मला ठरवायचं होतं. आणि ते काही फार वेळ ठरवायचं काम नव्हतं.

मी त्याला बोनेटखालचा पत्रा दाखवला, नळ्या दाखवल्या, मंदिर कधी बंद होतं ते सांगितलं आणि डोंगरात जाण्याआधी हीटर करून घे, सात हजार लागतील, मिस्तरी निंबाखाली बसतो, हेही सांगितलं. पोरगा हसला. "काका, हीटर कशाला लागतो आपल्याकडे?" पण सोबतचा मित्र व्यवहारी होता. तो म्हणाला, "नाही कसा? सात हजार काय थोडे झाले? काहीतरी बघा, काका."

काहीतरी बघा! नकळत मी माझ्या नखांकडे पाहिलं.

शेवटी दोन हजार कमी झाले. तो गाडी घेऊन गेला. त्या रात्री सौ. जमाखर्चाची वही घेऊन बसली. ती पै-पैचा हिशेब ठेवते आणि प्रत्येक रकमेला रकाना लागतो. साडेतीनशे तिनं मार्चमध्येच 'गाडी दुरुस्ती'त टाकले होते. या दोन हजारांशी येऊन तिचं पेन थांबलं.

"हे कशात टाकू? दुरुस्तीत?"

"दुरुस्ती झालीच नाही."

"मग दानधर्मात टाकते."

माझा त्याला विरोध होता. दानधर्म म्हटलं की पावती मागावीशी वाटते, आणि निदान चार माणसांत सांगावंसं तरी वाटतंच. शिवाय जे मुळात आपलं नव्हतं, ते दान कसं होईल? त्या गाडीची जी किंमत मला ठाऊक होती, ती एक लाख आठच होती. एक लाख दहाची किंमत फक्त त्या पोराला ठाऊक नव्हतं म्हणून उभी होती.

"वहीत देणं चुकतं केल्याचा रकाना आहे ना?" मी म्हटलं, "त्यात टाक."

तिनं टाकले. आणि पुढं कंसात, तिच्या सवयीप्रमाणे, कुणाचं ते लिहायला जागा सोडली.